आठ पेट्यांचा संसार

माझ्या नणंदेला हसू आवरायचं नाही आणि माझ्या नवऱ्याला पेट्यांचं वेड आवरायचं नाही. मी लग्न होऊन या भावाबहिणीच्या घरात आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असे. विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेल्याला तेव्हा एखाद-दोन वर्षं झाली होती. नवरा बाभुळगावात जनपद सभेच्या, म्हणजे तालुक्याच्या कारभारातल्या, शाळेत मास्तर. सासू-सासरे दोघंही आधीच गेलेले, म्हणून नणंद भावाच्याच आधारावर वाढलेली. कवेलूच्या छपराची एक खोली, चुलीपुढे आडोशाला लावलेलं जुनं लुगडं, मागे विहीर. एवढं आमचं घर, आणि त्यात आठ पेट्या.

या पेट्यांचं कूळ सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या लग्नाआधी नवऱ्याच्या तीन बदल्या झाल्या होत्या. पहिल्या बदलीत सामानाची बैलबंडी नाल्यात कलली आणि टेबलाचा एक पाय वाहून गेला. दुसरीत पलंग नव्या घराच्या दारातून आत जाईना. तो चार महिने अंगणात राहिला आणि त्यावर शेजाऱ्याची शेळी व्यायली. तिसऱ्या गावी त्यांची तांड्यावरच्या एका बंजारा म्हाताऱ्याशी दोस्ती झाली. त्याच्या आजा-पणजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. तो स्वतः मात्र आता कपाशी पेरत होता. पलंगाची आणि शेळीची हकिगत ऐकून तो म्हणाला, "मास्तर, आमचा आजा सांगे, जे बैलाच्या पाठीवर बसत नाई ते आपलं नाई. तुमी घर बैलाले पाहून बनवा."

झालं! ते वाक्य नवऱ्याच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. त्यांनी मोडक्या बंड्यांचं जुनं सागवान गोळा केलं आणि गावच्या सुताराला घेऊन बसले. आठ पेट्या, सगळ्या एका मापाच्या: दोन हात लांब, एक हात रुंद, पाऊण हात उंच. वर सुट्या फळ्या. कुठेही खिळा नाही, सगळं खुंट्यांवर. खुंटी काढली की सुटं, ठोकली की पक्कं. चार पेट्या जोडल्या की दिवाण. दोनावर दोन चढवून फळ्या टाकल्या की टेबल. आडव्या करून भिंतीशी रचल्या की कपाट. ओळीनं मांडून मागे फळ्या उभ्या केल्या की पाठ टेकायची बैठक. धान्य, कपडे, पुस्तकं, सगळं पोटात. बदलीचा हुकूम आला की फळ्या लावायच्या आणि बंडीत चढवायच्या, बांधाबांध करायचीच नाही. एका पेटीला तर अजून वंगणाचा वास येत असे. त्या पेटीत माझी लग्नाची साडी होती, त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

दुसरं भांडण त्याहून मोठं. माझे वडील मला शिसवी पलंग आंदण देणार होते आणि नवऱ्यानं हात जोडून तो नको म्हटला होता. हे मला लग्नानंतर कळलं. मी दोन दिवस बोलले नाही. मग बोलले ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं.

पण खरं सांगू? त्या घरात राग टिकवणं फार अवघड होतं. सकाळी उठलं की दिवाण मोडून बैठक करायची, अकरा वाजता बैठक मोडून कपाट, दुपारी पुन्हा दिवाण, चारला पोरं शिकवणीला आली की टेबल. एकदा मिठाची पेटी मी दिवाणाच्या कोपऱ्यात घातली. त्यावर नवरा दुपारचा आडवा झाला आणि काही केल्या उठेना, तेव्हा त्या दिवशीची भाजी अळणीच झाली. नणंदेला हे सगळं तोंडपाठ होतं. चहाला आधण येईपर्यंत ती एकटी दिवाणाचं टेबल करायची. खुंट्या दातात धरायची, पेट्या गुडघ्यानं ढकलायची आणि मी चुकीची फळी उचलली की हसायची. ते हसणंही असं, की आधी नाकातून फुर्र, मग खांदे, मग पोट धरून खाली बसायचं. पाच मिनिटं कामाची नसायची ती. मग मीही हसायची, आणि रागावले होते कशावर, तेच विसरून जायची.

याच हसण्यापायी तिची दोन स्थळं मोडली होती. पहिल्या वेळी नवरामुलगा तोंडात चिवड्याचा बकाणा असताना शिंकला. दुसऱ्या वेळी मुलाच्या मामानं तिची नजर पाहायला सुई-दोरा हातात दिला, "ओव" म्हणून. आणि त्या सुईचं नेढंच तुटलेलं होतं. ती आधी सुईकडे पाहत राहिली, मग मामाकडे, आणि मग फुर्र. निरोप आला, पोट्टी उथळ आहे. ती तेव्हा बावीस वर्षांची झाली होती. त्या काळात बावीस म्हणजे लोक दारावरून जाताना आवाज खाली करून बोलायला लागत.

तिसरं स्थळ राळेगावकडचं होतं. घरची कपाशी, तूर, दोन बैलजोड्या. मुलगा मॅट्रिक झालेला, शेतीच करायचा. बाभुळगावच्या बाजारात तिनं त्याला पाहिलं होतं. वांगी घेताना त्यानं बाईला विचारलं होतं, "यातलं गोड कोणतं?" एवढ्यावर ती दिवसभर हसत होती. रात्री मात्र चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, "वहिनी, हे जमू दे वं. मले हेच घर पाह्यजे."

तिला असं काही मागताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"जमेल," मी म्हटलं, "पण हसलीस तर याद राख." महिनाभर मी तिला दटावत होते. हसू आलं की दाढेखाली लवंग चाव, अंगठ्याच्या नखानं बोट दाब, मेलेल्या माणसांची आठवण काढ. ती सगळं कबूल करायची आणि पुन्हा हसायची.

पाहुणे सकाळी बैलगाडीनं आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. वडील म्हणजे उंच, खांद्यावर उपरणं, आणि चेहरा असा की जन्मात कोणी विनोद सांगितलाच नसेल. आम्ही बैठक मांडली होती. गाद्यांवर धुतलेल्या चादरी, मागे पाठीला फळ्या. वडिलांनी टेकून पाहिलं, हातानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मजबूत हाये." चहा झाला. नणंद पोहे घेऊन आली, खाली मान, गालात लवंग. तिला नाव-गाव-शिक्षण विचारलं, तिनं नीट उत्तरं दिली. मी लुगड्याआडून नवस बोलत होते.

मग नवरा पाहुण्यांना शाळा दाखवायला घेऊन गेला. आम्ही दोघी लागलो कामाला. बैठक मोडली, पेट्या भिंतीशी रचून कपाट केलं, त्यात घासलेली पितळी भांडी मांडली आणि सुट्या फळ्यांचे पाट टाकून पंगत वाढली. गोळाभात, कढी, वांग्याची भाजी, पुरणाच्या पोळ्या. पाहुणे आले, हात-पाय धुतले, पाटावर बसले. आत्याबाईंची नजर कपाटावर गेली. "काय वं बाई, कपाट कुठचं?"

"इथल्याच सुतारानं केलं," मी म्हटलं.

यात खोटं काही नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला त्याच क्षणी कळलं होतं, की यांना वाटतंय बैठक कुठेतरी आत आहे आणि हे कपाट वेगळं. आमच्याकडे रीत अशी की मुलगी पाहायला आलेल्या पुरुषांनी यजमानाच्या घरातल्या वस्तूची चौकशी करू नये आणि बायकांच्या आडोशाकडे तर पाहूही नये. लुगड्यामागे चूल आणि मी, एवढंच होतं. त्यांना वाटलं मागे आणखी दोन खोल्या असाव्यात. मी एक शब्द बोलले असते तर संपलं असतं. पण ज्या घरात मला एक पलंग मिळाला नव्हता, ते घर कोणी श्रीमंताचं समजतंय, याची मला इतकी मजा वाटली की मी गप्प बसले. चूक माझीच.

जेवण झाल्यावर नवरा पाहुण्यांना मारुतीला नेऊन आणतो म्हणाला. परत येईतो दोन दिवाण तयार. वडील एकावर आडवे झाले, मुलगा दुसऱ्यावर टेकला, आत्याबाई बाहेर सावलीत माझ्या चटईवर. वडील घोरूही लागले. चार वाजता उठून सगळे विहिरीवर चूळ भरायला गेले आणि नणंदेनं दोन्ही दिवाण मोडून चार पेट्यांचं टेबल केलं, चार पेट्या बसायला मांडल्या. वर दौत, टाक, कागद. आता याद्या व्हायच्या होत्या. देणं-घेणं कागदावर लिहायचं, दोन्हीकडच्यांनी मान डोलवायची, आणि लग्न पक्कं.

म्हणजे मुलगी पसंत होती! लुगड्यामागे नणंदेनं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. ती दिवसभर हसली नव्हती. एकदाही नाही.

वडील सांगू लागले, नवरा लिहू लागला. लुगडी, भांडी, मानपान. मग वडिलांनी घसा खाकरला. "गुरुजी, आमाले हुंडा नको. पण तुमच्या घरचं सामान पाह्यलं, लय आवडलं. बैठक एक, लिवा."

नवऱ्यानं लिहिलं.

"कपाट एक. दिवाण दोन. हे असं टेबल एक."

नवऱ्याचा टाक थांबला. त्यांनी वर पाहिलं. फसवणूक त्यांच्या ध्यानीमनी नव्हती, त्यांना वाटत होतं पाहुण्यांना कळलेलंच आहे. "पण भाऊ, हे तर सगळं..."

मी आडोशाआडून एवढ्या जोरात खोकले की आत्याबाई दचकल्या. नवरा गप्प झाला आणि त्यांनी टेबलावर वाकून, टेबलावरच, "टेबल एक" असं लिहिलं.

नेमकं तेच माझ्या नणंदेनं फटीतून पाहिलं.

फुर्र. मी तिच्या तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले. तिनं लवंग चावली, बोट दाबलं, मेलेली माणसंही आठवली असतील बिचारीनं. मग ती मागे सरकली, कढीचं पातेलं लवंडलं आणि त्या आवाजाच्या आडोशानं ती जी हसत सुटली, ती सुटलीच.

"पोट्टी काहून हासून राह्यली?" वडिलांनी विचारलं.

"कढी सांडली," मी आतून म्हटलं.

"कढी सांडली त हासते?" ते उठले. "बरं. ते दिवाण कुठी ठेवले? आमचा दरवाजा लहान हाये, एकदा मोजून घेतो." त्यांनी खिशातून सुतळी काढली, खोलीभर पाहिलं आणि रीतभात विसरून लुगडं बाजूला केलं. मागे चूल, सांडलेली कढी, मी, आणि जमिनीवर बसून पोट धरलेली त्यांची होणारी सून.

"गुरुजी, दिवाण कुठी गेले?"

"भाऊ, तुम्ही ज्यावर बसला होता तेच दिवाण," नवरा म्हणाला. "सकाळची बैठकही तीच. कपाटही तेच."

त्या माणसाचा चेहरा मी आजही विसरले नाही. कानापासून लाल होत गेला. "सकाळपासून येडं बनवून राह्यले आमाले? खेड्यातले म्हून?"

आता शहाण्या बाईनं हात जोडले असते. पण माझा स्वभाव! "कोणी बनवलं? चार वेळा बसलात, झोपलात, जेवलात. डोळे तर तुमचेच होते ना?"

नवऱ्यानं डोळे मिटले. वडिलांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि मुलाला म्हणाले, "बैल जुप."

मुलगा उठला नाही. तो फळीखाली वाकून खुंटी कशी बसवली आहे ते पाहत होता.

तेवढ्यात नणंद बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहतंय, हसू आवरत नाही, पदर खोचलेला. मला वाटलं आता ही पायावर डोकं ठेवेल. तिनं टेबलावरचे कागद भावाच्या हातात दिले, खुंटी खेचली आणि वरच्या दोन पेट्या खाली घेतल्या. दुसरी खुंटी दातात. मुलगा समोर उभा राहून बघत होता. तिनं दातातली खुंटी काढली. "पाहून काय राह्यले? उचला ना!"

त्यानं मुकाट्यानं एक पेटी उचलली.

"ते नाई! ते खालची!"

आणि तो हसला. तो हसला म्हणून ती पुन्हा हसली, आणि मग दोघं हसत हसत पेट्या ओढू लागले. टेबलाचा दिवाण झाला, दिवाणाचं कपाट झालं. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला, पण त्यांचंही पोट हलत होतं. वडील मधोमध उभेच होते, कारण बसायची प्रत्येक जागा कोणीतरी उचलून नेत होतं. ते एका बाजूला सरकले तर तिथून फळी आली, दुसऱ्या बाजूला सरकले तर मुलगा पेटी घेऊन उलटा आला. शेवटी नणंदेनं बैठक मांडत मांडत शेवटची पेटी मागून सरकवली, ती त्यांच्या गुडघ्यामागे लागली आणि ते धपकन बसले.

सगळे थांबले. हसणंही थांबलं. नणंदेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं असावं.

वडिलांनी बसल्या जागी पेटी हातानं दाबून पाहिली. मग म्हणाले, "लय हासते पोट्टी."

"हासते त हासू दे!" आत्याबाई एकदम बोलल्या. "दादा, वहिनी गेली तवापासून तुझ्या घरात कोणी हासलं का? पोरगं हासताना आज पाह्यलं म्या. तूच सांग, किती वर्सांनी?"

मुलाची आई नाही हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्या घरात आता दोन पुरुष एकमेकांसमोर न बोलता भाकरी खात असतील, असं मी त्याआधी कधी मनात आणलं नव्हतं. वडिलांनी मुलाकडे पाहिलं. तो दोन्ही हातांत फळी धरून उभा होता आणि अजून अर्धवट हसत होता. मग वडिलांनी उपरणं खांद्यावरून काढून बाजूला ठेवलं.

"गुरुजी, त्या याद्या खोडा. नुसतं लिवा, पेट्या आठ." मग पायाखालची खुंटी उचलून म्हणाले, "अन् हे कसं बसते, ते दाखवा मले एकदा."

एकदा कसलं! बैल दारात उभे राहून शेण टाकून थकले, पण तो माणूस उठेना. दिवाण जमला की टेबल करू म्हणे, टेबल जमलं की कपाट. खुंटी चुकली की स्वतःवरच चिडायचा आणि माझी नणंद "बाबा, उलटी, उलटी धरली" म्हणून ओरडायची. ती कधी त्यांना बाबा म्हणायला लागली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तूर घरात आल्यावर लग्न लागलं. आठही पेट्या तिच्याबरोबर द्यायच्या, हे यादीत लिहिलेलंच होतं. नवरा म्हणाला, मोडक्या बंड्यांना काय तोटा, पुन्हा करू. मी पेट्यांत तिचं सगळं भरलं. लुगडी, भांडी, पापड-कुरड्या, तिची जुनी पाटी. वंगणाच्या वासाची पेटी तिनं मागून घेतली आणि माझ्या लग्नाची साडी मला काढून दिली. आठही पेट्या एका बंडीत मावल्या. वर फळ्या टाकून गादी घातली आणि तिला त्यावर बसवलं.

सगळ्या बायका रडत होत्या. मी वाट पाहत होते, की ही आता हसेल. निरोप देताना कोणाचं तरी काहीतरी चुकणारच, कोणाचा पदर चाकात अडकणार, आणि ही फुर्र करणार. पण ती हसली नाही. रडलीही नाही. पेट्यांवर बसून समोर पाहत राहिली, दोन्ही हात मांडीवर, एखाद्या परक्या मुलीसारखी. मला ते सहन होईना.

बंडी हलली. पुढे चालणारे तिचे सासरे दहा पावलांवर थांबले, मागे वळले आणि बैलांच्या शिंगांवरून तिच्याकडे पाहिलं. तो उंच, गंभीर माणूस भर रस्त्यात घाबरल्यासारखा दिसत होता.

"हास ना माय," ते म्हणाले. "तू हासते म्हून त नेऊन राह्यलो तुले."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ओठ थरथरले, आणि मग नाकातून फुर्र झालं. हसू आणि रडू एकदम फुटलं. चाकांच्या आवाजावर ते वेशीपर्यंत ऐकू येत होतं. महिनाभर जिला मी हसू नको म्हणून दटावलं, ती हसतेय की नाही हे ऐकायला मी वेशीपर्यंत बंडीमागे पळत गेले. चप्पल कुठे सुटली तेही कळलं नाही.

नवऱ्यानं ती शोधून आणली. आम्ही घरी आलो. खोलीत चूल आणि कोपऱ्यात माझी घडी केलेली साडी. बसायला काहीच उरलं नव्हतं. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण आम्ही दोघं तिथेच बसलो आणि मी अंधार पडेपर्यंत रडले.